शेवटच्या मिनिटाची हजेरी

शुक्रवारी संध्याकाळी सहाला पाच कमी असताना टाइमकीपर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायचे. समोर फोन, चष्मा, लाल पेन आणि कडक पुठ्ठ्याची लांबडी वही. वहीत त्रेचाळीस नावं. सहाच्या ठोक्याला त्यांच्या धाकट्या लेकीचा नवा व्हिडिओ साइटवर चढायचा आणि सहा वाजून एक मिनिटाला 'धाकटीचे पाठीराखे' या ग्रुपवर टाइमकीपरांचा एकच शब्द पडायचा: हजेरी.

मग पळापळ. प्रत्येकानं व्हिडिओ उघडायचा, खालचा अंगठा दाबायचा, ठरलेलं वाक्य लिहायचं आणि ग्रुपवर 'हजर' म्हणायचं. मुदत सव्वासहापर्यंत. वाक्यही टाइमकीपरांनीच ठरवून दिलेलं, कारण पहिल्याच महिन्यात धाकट्या मामानं 'मस्त गं बाळे, लग्नाचं काय ठरवलंस' असं चारचौघांत लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून सगळ्यांना एकच मजकूर: 'खूप छान. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' सव्वासहानंतर ज्याच्या नावापुढे खूण नाही त्याला लाल ठिपका, आणि वर फोन.

"ताई, आहेस कुठे?" त्यांनी एकदा थोरल्या बहिणीला विचारलं.

"दवाखान्यात आहे रे. डोळ्यांत औषध घातलंय, काही दिसत नाही."

"दिसायची गरज काय त्यात? अंगठा तर दाबायचाय. शेजारच्या माणसाकडून दाबून घे."

ताईंनी शेजारच्या अनोळखी माणसाकडून दाबून घेतला. वहीत खूण पडली. टाइमकीपरांच्या जिवाला स्वस्थता आली.

आता हा माणूस वाईट होता का, तर मुळीच नाही. एकतीस वर्षं कारखान्याच्या फाटकाजवळ काचेच्या खोलीत बसून कोण किती वाजता आत आला हे लिहिण्यात गेली, तर दुसरं काय येणार? आठ वाजून दोन मिनिटं झाली की लाल शाई. उशिरा आलेल्यानं त्या लाल आकड्यापुढे सही करायची, मगच आत. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. मेव्हणा म्हणाला, घरी बाळंतपण होतं. टाइमकीपर म्हणाले, "बाळ वेळेवर आलं ना? मग तुम्हाला काय झालं होतं?" आणि पेन पुढे केलं. स्वतःला एकतीस वर्षांत एकही लेटमार्क नाही, हे ते आठवड्यातून एकदा तरी सांगत. ते सांगू लागले की बायकोचे ओठ त्यांच्याबरोबर नुसतेच हलत.

धाकटी रफू करायची. लाँड्रीच्या मागच्या खोलीत सहा वर्षं बसून ती एका म्हाताऱ्या रफूगाराकडून ते शिकली. फाटलेलं, जळलेलं, कसर लागलेलं कापड घ्यायचं, त्यातलाच धागा काढून पुन्हा विणायचं, आणि असं विणायचं की भोक होतं कुठे तेच कळू नये. पावणेदोन वर्षांपूर्वी तिनं लाँड्री सोडली आणि हेच काम कॅमेऱ्यासमोर करून दाखवू लागली. लोक कपडे पाठवत. ती आठवड्याला एक कपडा घ्यायची, बारा-तेरा मिनिटांत त्याची सगळी कहाणी हातांनी सांगायची. सुरुवातीला चॅनेल हळूहळू पण बरं चाललं होतं.

सुरुवातीचं चित्रीकरण घरीच व्हायचं. पण ते जमेना. पडद्यावर सुई शांतपणे धाग्याखालून जातेय आणि मागून आवाज येतोय, "वरचा नव्हे, खालचा अंगठा. अहो, खालचा." दोन-चारदा असं झाल्यावर धाकटी मागच्या गल्लीत मैत्रिणीच्या घरी, दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत काम करू लागली. ही मैत्रीण म्हणजे चष्मेवाली. दिवा धरायचा, आवाज तपासायचा, नको ते कापायचं, हे सगळं ती बघायची. टाइमकीपरांनी नातेवाइकांत सांगून टाकलं की मुलीनं स्टुडिओ घेतला. स्वतः मात्र तिकडे कधी फिरकले नाहीत. एक तर दोन जिने आणि गुडघे कुरकुरतात. दुसरं, कामाच्या जागी घरच्यांनी लुडबुड करू नये हा त्यांचा जुना नियम. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना नियम आडवा येत नव्हता.

याच सुमाराला त्यांचा कोट हरवला. कारखान्याकडून मिळालेला राखाडी लोकरी कोट. डावं कोपर टेबलावर टेकवून उजव्या हातानं लिहायची सवय, त्यामुळे डाव्या बाहीचं कोपर झिजून पार चाळण झालं होतं. तरी निवृत्तांच्या प्रत्येक मेळाव्याला ते तोच घालून जात. मागच्या वर्षी मेळाव्याच्या तोंडावर कपाट उघडतात तर कोट गायब. घर उलथंपालथं केलं. बायकोवर आळ घेतला की तूच जुन्या कपड्यांत देऊन टाकलास.

"मी कशाला देऊ?" बायको म्हणाली. "जिथे आहे तिथेच आहे. शोधा, सापडेल."

"घरात सगळं बघितलं मी."

"सगळं कुठे बघता तुम्ही."

टाइमकीपर भाच्याचं जाकीट घालून मेळाव्याला गेले. ते दंडावर आवळत होतं आणि पाठीवर कुठल्याशा संघाचा आकडा होता. कोट गेला तो गेलाच. या गोष्टीला चौदा महिने झाले होते.

त्या चौदा महिन्यांत चॅनेलची तब्येतही उतरत गेली. आधी महिन्याला हजारो अनोळखी लोक यायचे, ते शेकड्यांवर आले. या महिन्यात जेवताना धाकटीनं ताटाकडे बघतच सांगितलं, "लाँड्रीवाल्या बाईंनी पुन्हा बोलावलंय. पूर्ण दिवस. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय, नाहीतर त्या दुसरी बघतील."

"आणि व्हिडिओ?" बायकोनं विचारलं.

"कुणी बघत नाही, आई. बंद करेन म्हणते."

"कुणी बघत नाही म्हणजे?" टाइमकीपरांचा घास हातातच राहिला. "त्रेचाळीस माणसं बघतात. शंभर टक्के हजेरी आहे. तुझी आईच काय ती दर वेळी लेट."

हे खरं होतं. वहीत सर्वांत जास्त लाल ठिपके बायकोच्या नावापुढे होते. शुक्रवारी संध्याकाळी तिला कधी सवड सापडत नसे. धाकटीनं वडिलांकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ती नुसतंच पाणी प्यायली.

टाइमकीपरांनी मनावर घेतलं. लेकीचं दोन वर्षांचं कष्टाचं काम डोळ्यांदेखत बुडतंय आणि बापानं हातावर हात ठेवून बसायचं? आठ दिवसांत त्यांनी त्रेचाळीसचे साठ केले. निवृत्त फोरमन, मेव्हण्याचे व्याही, भाच्याच्या क्रिकेट टीममधले अर्धे खेळाडू. पुढच्या शुक्रवारी बायको सोडून सगळेच्या सगळे हजर. सहा वाजून नऊ मिनिटांत काम फत्ते. टाइमकीपरांनी वही मिटली आणि त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं.

शनिवारी सकाळी दारावर चष्मेवाली उभी. काखेत लॅपटॉप आणि चेहरा असा की टाइमकीपरांनी आधी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

"काका, कालचा व्हिडिओ कशाचा होता?"

"रफूचा," टाइमकीपर सावधपणे म्हणाले.

"कुठल्या कपड्याचा?"

टाइमकीपरांनी वहीकडे बघितलं. वहीत तो रकानाच नव्हता.

चष्मेवालीनं लॅपटॉप टेबलावर उघडला. "एका बाईंनी नवऱ्याचा शर्ट पाठवला होता. नवरा दोन महिन्यांपूर्वी गेला. खिशाजवळ विडीनं पडलेलं भोक होतं. बाईंनी सांगितलं होतं की बुजवा, पण थोडी खूण राहू द्या. धाकटीनं तीन दिवस तेच केलं. आणि खाली बघा, काय लिहिलंय."

टाइमकीपरांनी चष्मा लावून बघितलं. खूप छान. पुढील वाटचालीस शुभेच्छा. खूप छान. पुढील वाटचालीस शुभेच्छा. असं साठ वेळा. गेलेल्या माणसाला साठ जणांनी पुढच्या वाटचालीच्या शुभेच्छा दिल्या होत्या. मध्येच त्या बाईंची एक ओळ होती, 'ही कसली चेष्टा आहे?' आणि तिच्याखाली, सहा वाजून आठ मिनिटांनी, थोरल्या मामाचं खूप छान.

बायको भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

"हे तर झालंच," चष्मेवाली म्हणाली. "पण मी दुसरंच सांगायला आले होते. ही रेघ बघा." पडद्यावर एक रेघ होती. डावीकडे उंच सुरू होत होती आणि लगेच भिंतीवरून उडी टाकल्यासारखी खाली. पुढे जमिनीलगत सरपटत शेवटपर्यंत. "किती लोक कितव्या सेकंदापर्यंत थांबले, ते यात दिसतं. तुमची माणसं दहाव्या सेकंदाला निघून जातात."

"काम झाल्यावर जाणारच. मी कुणाला पळून जा म्हटलेलं नाही."

"थांबा असंही म्हटलं नाहीत. काका, ती साइट नुसती माणसं मोजत नाही, कोण किती वेळ बसलं ते बघते. नेहमीच्या लोकांसमोर आधी ठेवून बघते. ते बसले तर बाहेरच्यांना दाखवते. तुमचे साठ जण सगळ्यांच्या आधी धावत येतात आणि सगळ्यांच्या आधी उठतात. दुकानात साठ माणसं शिरली आणि उंबरठ्यावरूनच मागे फिरली, तर रस्त्यावरचा माणूस काय समजेल?"

टाइमकीपरांनी बराच वेळ त्या रेघेकडे बघितलं. एकतीस वर्षं त्यांनी माणूस आत किती वाजता आला ते लिहिलं होतं. आत जाऊन तो काय करतो हे लिहिणं त्यांचं काम नव्हतं. "म्हणजे हे चॅनेल मी बुडवलं," ते म्हणाले.

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतेयस. आणि तिनं मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही दर शुक्रवारी ती वही घेऊन बसता. तिला सांगवेना. मला म्हणायची, राहू दे गं, माझ्यासाठीच करतात." चष्मेवालीनं लॅपटॉप मिटला. "तुम्ही स्वतः तरी नीट बघता ना, काका? तो कोटाचा तरी बघितलाच असेल. मग बाकीच्यांना..."

"कुठल्या कोटाचा?"

चष्मेवाली थांबली. तिनं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. "निघते मी," ती म्हणाली. "दूध गॅसवर ठेवून आलेय." आणि गेली. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि तिच्या घरी दूध आठलाच तापायचं, हे मागच्या गल्लीतल्या कुणालाही ठाऊक होतं.

टाइमकीपरांनी फोन घेतला आणि चॅनेलची यादी खाली खाली सरकवत नेली. सत्याऐंशी व्हिडिओ होते. सत्ताविसाव्याचं नाव होतं 'झिजलेलं कोपर, लोकरी कोट'. चित्रात राखाडी कापडाला पडलेली चाळण. खाली पहिली ओळ त्यांचीच, चौदा महिन्यांपूर्वीच्या शुक्रवारची, सहा वाजून शून्य मिनिटांची: खूप छान. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

त्यांनी व्हिडिओ लावला. दहाव्या सेकंदाला त्यांचा अंगठा आपोआप पडदा बंद करायला गेला. त्यांनी तो हात मांडीखाली दाबला. विसाव्या सेकंदाला त्यांना तहान लागली. उठले नाहीत.

पडद्यावर नुसते हात होते. धाकटीचे. डाव्या तर्जनीवर सुई टोचून टोचून आलेला घट्टा त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि ते तिच्याबरोबर एका टेबलावर रोज जेवत होते. ती बोलत होती, हळू, सरळ. बाहेरून आणलेला धागा कितीही जुळला तरी परका दिसतो. म्हणून धागा त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून काढायचा. मग उभे धागे लावून घ्यायचे आणि आडवा एक वरून, एक खालून. मध्येच एक धागा तुटला. तिनं तो तसाच दाखवला, चुकचुकली आणि पुन्हा घातला. "हे कोपर झिजलंय," ती म्हणाली, "कारण ते एकतीस वर्षं एका टेबलावर टेकलेलं होतं. तिथे बसून माझे बाबा दुसऱ्यांच्या वेळा लिहायचे." सात मिनिटं चाळीस सेकंदांना शेवटचा आडवा धागा पार झाला. मग वाफ, इस्त्री, आणि कोपर असं झालं की जणू कुणी कधी कुठे टेकलंच नव्हतं.

बाराव्या मिनिटाला कॅमेरा मागे सरकला. धाकटी दिसली, खोली दिसली, भिंतीवरची लाकडी खुंटी दिसली. तिनं कोट त्या खुंटीला अडकवला आणि हसत समोर बघितलं. "हा बाबांसाठी आहे. मी त्यांना न विचारता कपाटातून पळवलाय आणि सांगणारही नाही. सांगायची गरजच नाही, त्यांनी माझा एकही शुक्रवार चुकवलेला नाही. बाबा, इथपर्यंत आलात की या आणि घेऊन जा. मेळाव्याला हाच घाला."

व्हिडिओ संपला. टाइमकीपरांना लाज वाटली. त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. भाच्याचं जाकीट घालून, पाठीवर आकडा मिरवत ते मेळाव्यात सगळ्यांना सांगत होते की लेकीचा एकही व्हिडिओ मी सोडत नाही.

"तुला माहीत होतं," ते बायकोला म्हणाले.

"पहिल्याच आठवड्यात. मी शनिवारी दुपारी बघते, कामं आटपली की. सगळे बघितलेत."

"मग बोलली का नाहीस?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, बाबा स्वतः येऊ देत." बायकोनं निवडलेली भाजी चाळणीत टाकली. "आणि मी म्हटलं होतं, जिथे आहे तिथेच आहे. तुम्ही कपाटं उपसत बसलात. मी समजले, आज नाही तर उद्या माणूस कधीतरी शेवटपर्यंत बघेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. टाइमकीपरांनी पुढचा व्हिडिओ लावला, शेवटचं मिनिट बघायला. कोट खुंटीवर होता. त्याच्या पुढच्यातही. पुढच्या साठ व्हिडिओंत, शेवटच्या मिनिटाला, तिच्या खांद्यामागे कोट लटकत होता. पहिल्या सहा-सात वेळा ती शेवटी वळून त्याच्याकडे बघायची आणि हसायची. नंतर हसणं बंद झालं. नंतर वळणंही.

खरं म्हणजे त्यांनी तेव्हाच उठून मागच्या गल्लीत जायला हवं होतं. पण टाइमकीपरांना वाटलं, एक व्हिडिओ बघून कोट मागायला कुठल्या तोंडानं जायचं? महिनाअखेर बुधवारी होती. हातात चार दिवस होते. आधी त्यांनी साठच्या साठ जणांना फोन केले. "लिहिलेलं काढून टाका. आणि आजपासून हजेरी बंद. बघायचं असेल तर बसून बघा. गोडी वाटत नसेल तर बघू नका, कुणाचा राग नाही. त्यापेक्षा ओळखीत कुणी जुना कपडा जपून ठेवणारं असेल, तर त्या एका माणसाला सांगा." धाकटा मामा म्हणाला, सुटलो बाबा. थोरली बहीण म्हणाली, "अरे, मला तर आवडतात तिचे हात बघायला. तू घाई करायचास म्हणून बंद करावा लागायचा." शर्टवाल्या बाईंच्या ओळीखाली टाइमकीपरांनी स्वतः लिहिलं, अर्धा तास खोडून खोडून: 'ते वाक्य मी सगळ्यांना ठरवून दिलं होतं. न बघता लिहिलं गेलं. आता बघितलं. चूक माझी. माफ करा.'

मग नवी वही काढली आणि पहिल्या व्हिडिओपासून बसले. धाकटी दिवसभर चष्मेवालीकडे असायची, तिला पत्ता लागला नाही.

बुधवारी दुपारी ते दोन जिने चढून गेले, मध्ये तीनदा थांबून. दारावर पुठ्ठा लटकवलेला होता, 'चित्रीकरण चालू'. टाइमकीपरांनी फोन बंद केला आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. घशात खवखवत होतं, तरी खाकरले नाहीत. चौदा मिनिटं उभे होते. चष्मेवालीनं दार उघडलं तेव्हा ती दचकून मागे सरली.

धाकटीनं वडिलांना बघितलं आणि तिची नजर आधी खुंटीकडे गेली. टाइमकीपर तिकडे बघत नव्हते. त्यांनी वही पुढे केली. "सगळे बघितले," ते म्हणाले. "माझं लक्ष जिथे उडालं ती वेळ लिहिलीय."

धाकटीनं वही उघडली. तिसरा, पहिलं दीड मिनिट नुसतं बोलणं, सुई दिसेपर्यंत माणूस कंटाळतो. एकोणिसावा, पाच मिनिटं दोन सेकंद, मागून माझाच आवाज येतो, ऐकवत नाही. अठ्ठेचाळिसावा, चार मिनिटं दहा सेकंद, दिव्याची तिरीप कापडावर, धागा दिसत नाही. बासष्टावा, मला झोप लागली, पण जेवण झालेलं होतं, तुझा दोष नाही. त्र्याहत्तरावा, लक्ष कुठेही उडालं नाही, दोनदा बघितला. चष्मेवालीनं तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाली, "अठ्ठेचाळिसाव्याचं खरंय. मी तेव्हाच म्हटलं होतं तुला."

"लाँड्रीला आज उत्तर द्यायचंय, बाबा," धाकटी वहीत बघतच म्हणाली.

"दे की."

"तुम्हाला काय वाटतं?"

"शेवटच्या दहांत तू सुईकडे कमी आणि कॅमेऱ्याकडे जास्त बघतेस. मन उडालं असेल तर बंद कर, मी काही म्हणणार नाही. पण आकडे बघून बंद करू नकोस. आकडे आम्ही बिघडवलेत." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. "मी बिघडवलेत."

धाकटी वहीची पानं उलटत राहिली. मग तिनं फोन उचलला आणि लाँड्रीवाल्या बाईंना सांगितलं की येईन, पण सकाळचा अर्धा दिवस, आणि शुक्रवारी अजिबात नाही. पलीकडून बरंच काही बोलणं झालं. "मग दुसरी बघावी लागेल तुम्हाला, मला यापेक्षा जमणार नाही," धाकटी म्हणाली. पुन्हा पलीकडचं बोलणं. "बरं, सोमवारपासून," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती उठली, खुंटीवरून कोट काढला आणि टेबलावर पसरला. दोन्ही बाह्या शेजारी शेजारी ठेवल्या. "दाखवा बघू, रफू कुठे आहे."

चष्मेवाली म्हणाली, अगं, मला सांगता यायचं नाही. आणि खरंच कुणालाच सांगता आलं नसतं. टाइमकीपरांनी डावी बाही जवळ ओढली आणि कोपरावर बोट ठेवलं. "इथून," ते म्हणाले, आणि बोट चार अंगुळं खाली नेलं, "इथपर्यंत. सात मिनिटं चाळीस सेकंदांना शेवटचा धागा गेला. त्याच्या आधी एक तुटला होता."

धाकटीचे डोळे भरून आले. तिनं ते मनगटानं पुसले, कोट उचलला आणि बापानं हात घालावेत म्हणून उघडून धरला.

"थांब," टाइमकीपर म्हणाले. ते स्टुलावर बसले, पिशवीतून जुनी वही काढली आणि चौदा महिन्यांपूर्वीच्या शुक्रवारचं पान उघडलं. त्रेचाळीस नावांच्या खाली, लाल पेनानं, त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं: चौदा महिने उशीर.

धाकटी कोट धरून तशीच उभी होती. तिनं खांद्यावरून वाचलं.

"सही राहिली," ती म्हणाली.

टाइमकीपरांनी सही केली. मग उठून डावा हात बाहीत घातला.